पारो धावते तेव्हा

उत्तर कलकत्त्यात कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर ट्राम थांबते आणि तुम्ही उतरता. साल १९३५. धोतराचा सोगा हातात धरून उभी असलेली बाबू मंडळी, शाळकरी पोरं, घोडागाडीतून उतरणाऱ्या बायका, सगळ्यांची पावलं ‘चित्रा’ थिएटरकडे वळलेली आहेत. थिएटर बी. एन. सरकारांचं. न्यू थिएटर्स ही कंपनीही त्यांचीच, आणि तिच्या टॉलीगंजच्या स्टुडिओत तयार झालेला बोलपट तुम्ही आता बघणार आहात. ‘देवदास’. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी ही कादंबरी ऐन तारुण्यात लिहिली, पुष्कळ वर्षं छापली नाही, आणि १९१७ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. इथं रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांना ती जवळजवळ पाठ आहे.

आत जाण्याआधी एक ऐका. देवदासकडे फार बघू नका. तो सगळ्या काळांत सारखाच वागतो: निर्णयाच्या क्षणी कच खातो, मग पितो, मग मरतो. काळ बघायचा असेल तर नजर पारोवर ठेवा. पुस्तकात तिची दोन धाडसं आहेत. पहिल्यात तेरा वर्षांची पार्वती मध्यरात्री एकटी उठते, जमीनदाराच्या वाड्यात शिरते, पहारेकऱ्यांसमोरून जिना चढते आणि देवदासच्या खोलीत जाऊन त्याच्याकडे स्वतःसाठी जागा मागते. दुसरं अगदी शेवटी आहे. सासरच्या दारापुढे मरून गेलेला तो बेवारशी माणूस देवदास होता हे तिला कळतं, आणि ती सगळ्यांदेखत धावत सुटते. नवऱ्याच्या हुकमानं तिला धरून आणतात. रात्रीचं ते जाणं आणि शेवटचं हे धावणं, दोन्ही लक्षात ठेवा. प्रत्येक पिढीनं ती आपापल्या हिमतीप्रमाणे पडद्यावर आणली आहेत.

दिवे जातात. पडद्यावर प्रमथेश बरुआ आहेत, आसामातल्या गौरीपूरच्या राजघराण्यातले. दिग्दर्शकही तेच आणि देवदासही तेच. पारोच्या भूमिकेत जमुना. तुम्हाला नाटकी हातवाऱ्यांची अपेक्षा होती, पण हा माणूस जवळजवळ हलतच नाही. आवाज खाली, डोळे अर्धे मिटलेले. सविनय कायदेभंगाची चळवळ गेल्याच वर्षी मागे घेतली गेली आहे. मंदीनं शिकलेल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या आहेत. गावची जमीन वडिलांच्या ताब्यात आणि शहरात हाताला काम नाही, अशी एक पिढी या अंधारात बसलेली आहे. पडद्यावरच्या त्या थकव्यात तिला स्वतःचा थकवा दिसतो, आणि तो थकवा देखणा दिसतो. ही दुसरी गोष्ट मला धोक्याची वाटते.

पण एका क्षणी तुम्ही खुर्चीत पुढे सरकाल. देवदास आगगाडीत तापानं फणफणलेला आहे, तो तिचं नाव घेऊन ओरडतो. लगेच दूर सासरी पारो अडखळून पडते. लगेच पुन्हा गाडी, आणि देवदास बर्थवरून खाली कोसळतो. तीन तुकडे एकमेकांना जोडलेले, मध्ये कसलाही खुलासा नाही. पुढे ऋत्विक घटकांसारखे दिग्दर्शक बरुआंच्या या जोडणीला मोठा मान देतील. आज तुम्हाला मात्र तिचा अर्थ डोळ्यांपुढे दिसतो आहे. लग्न झालेल्या बाईला आपल्या माणसाला पत्रसुद्धा धाडता येत नाही अशा जगात दिग्दर्शकानं कात्रीनं दोघांची भेट घडवली. १९३५ साली पारोला एवढंच देता येत होतं: न जाता जाणवणं.

पुढच्या वर्षी मुंबईला या. हिंदी ‘देवदास’ आला आहे. दिग्दर्शक बरुआच आहेत, नायक मात्र कुंदनलाल सैगल. एके काळी रेमिंग्टनची टाइपरायटरं विकत फिरलेला हा माणूस गाऊ लागतो आणि शेजारी बसलेला संगीत नाटकांचा जुना रसिक चपापतो. शेवटच्या रांगेपर्यंत तान पोचवणाऱ्या गायकांवर त्याचे कान घडलेले आहेत. हा तर कानाशी बोलल्यासारखा गातो आहे. मायक्रोफोननं गाण्याचा आवाज खाली आणला आणि त्याबरोबर पुरुषाच्या रडण्याचाही. या चित्रपटाचा कॅमेरा बिमल रॉय नावाच्या एका तरुणानं सांभाळला आहे. ते नाव विसरू नका.

आता कलकत्त्याला परत जायचं नाही. १९३७, पुणं, प्रभातचा स्टुडिओ. इथं ‘देवदास’ नाही, इथं ‘कुंकू’ आहे: ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी केलेला. गोष्ट निराळी, पण पेच तोच आहे. पारोला मोठ्या मुलांच्या विधुर बापाशी लावून दिलं जातं, ‘कुंकू’तल्या नीरालाही तसंच. पारो खाली मान घालून चावीचा जुडगा कमरेला लावते आणि सावत्र मुलांची आई होते. शांता आपट्यांची नीरा सांगते, हे लग्न मला मान्य नाही. ती म्हाताऱ्या नवऱ्याला खोलीत येऊ देत नाही. केशवराव दात्यांचे काकासाहेब आरशासमोर पिकल्या मिशांशी झगडतात आणि तुम्हाला त्यांचीही दया येते. त्यांना खलनायक केलेलं नाही, यातच चित्रपटाची ताकद आहे. काकासाहेबांच्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, ज्या पुढे र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामाला हातभार लावतील. बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा लागू होऊन सात वर्षं झाली आहेत. फुले, आगरकर, महर्षी कर्वे यांनी जी भांडणं केली ती या प्रेक्षकांच्या घराघरांत पोचलेली आहेत, म्हणूनच नीरा नाही म्हणते तेव्हा तिला दाद मिळते.

म्हणजे एकाच दशकात, एकाच प्रश्नाला दोन शहरांनी दोन उत्तरं दिली. कलकत्त्यानं त्या दुःखाला सूर दिला आणि पुण्यानं त्याच्याशी वाद घातला. माझा कल कुणीकडे आहे हे लपवत नाही. तरीही हिंदुस्थानभर पुन्हा पुन्हा बनत राहिला तो ‘देवदास’. नीराला वारस मिळाले नाहीत.

१९५६ चा जानेवारी. मुंबई तुम्हाला ओळखू येत नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं आहे. मुंबई केंद्राच्या ताब्यात देण्याची घोषणा होते आणि रस्त्यांवर गोळीबार होतो. अशा दिवसांत तुम्ही एका थिएटरच्या अंधारात शिरता. नामावलीच्या सुरुवातीला प्रमथेश बरुआ आणि सैगल यांच्या स्मृतीला चित्रपट अर्पण केलेला आहे. दोघंही गेले: सैगल १९४७ च्या जानेवारीत, बरुआ १९५१ मध्ये. दिग्दर्शक बिमल रॉय, वीस वर्षांपूर्वीचे तेच कॅमेरामन.

इथं जरा थांबू, कारण या नामावलीतच सगळं आहे. बिमल रॉय ढाक्याकडच्या सुआपूरच्या जमीनदार घराण्यातले. पटकथा लिहिणारे नवेंदू घोष ढाक्याचे. संगीतकार सचिनदेव बर्मन वाढले ते कोमिल्ल्यात. पारो झालेल्या सुचित्रा सेन पाबन्याच्या. संवाद राजिंदरसिंग बेदींचे, ज्यांचं लाहोर सुटलं. गीतं साहिरची, तोही लाहोर सोडून आलेला. दिलीपकुमारांचं जन्मगाव पेशावर. ज्यांची गावं सरहद्दीपलीकडे गेली त्यांनी मिळून ही गोष्ट सांगितली आहे. देवदास शेवटी रात्रंदिवस आगगाडीतून भटकतो, स्टेशनांमागून स्टेशनं जातात, आणि त्याला एकाच दारात पोचायचं आहे. १९३५ मध्ये ती गाडी म्हणजे एका बिघडलेल्या श्रीमंत पोराचं वणवणणं होतं. १९४७ नंतर या देशात आगगाडीकडे कुणी पूर्वीच्या डोळ्यांनी बघू शकत नव्हतं. तुमच्या मागच्या रांगेत कुणी हुंदका देतं, तेव्हा तो हुंदका देवदाससाठीच असेल असं मानू नका.

जमीनदारीही संपली आहे. पश्चिम बंगालमध्ये जमीनदारांच्या इस्टेटी सरकारनं घेतल्या त्या १९५५ मध्येच. पडद्यावरचे ते खांब, ते तलाव, ते दिवाणजी, सगळं कायद्यानं नुकतंच मोडीत निघालं आहे. बिमल रॉयनी ते डामडौलात दाखवलेलं नाही. ज्या दिग्दर्शकानं तीनच वर्षांपूर्वी ‘दो बिघा जमीन’ केला त्याला वाडा बाहेरूनही दिसतो.

आणि पारो? मध्यरात्री ती जाते, डोक्यावर पदर घेऊन, भीत भीत, पण जाते. परत येते ती हात हलवत. पुढे तलावाकाठी देवदास गळाच्या काठीनं तिच्या कपाळावर वार करतो, आणि कॅमेरा त्या वाराला प्रेमाची खूण करून टाकतो. हे १९१७ मध्येही तसंच होतं. १९५६ चा प्रेक्षकही ते मान्य करतो. मला मात्र हे दृश्य बघताना दर वेळी राग येतो, आणि दिलीपकुमारांचा अभिनय जितका खरा, तितका तो वाढतो.

मग ते दृश्य येतं जे कादंबरीत नाही. रानातली वाट. पालखीतून पारो चालली आहे, समोरून पायी चंद्रमुखी येते आहे. वैजयंतीमालेची चंद्रमुखी कोठा सोडून आलेली, साध्या साडीत. दोघींची नजरानजर होते. कोण कुठली हे एकमेकींना माहीत नाही. एक शब्द नाही, फक्त संगीत. पालखी पुढे जाते. चंद्रमुखी मागे वळून बघत राहते. बरुआंनी कात्रीनं पुरुषाशी भेट घडवली होती, बिमल रॉयनी दोन बायकांना एका वाटेवर आणलं. भेटवलं नाही, पण आणलं. एक घरंदाज, एक बाजारातली, आणि कॅमेरा दोघींच्या डोळ्यांना सारखाच वेळ देतो. त्यामुळेच पुढे वैजयंतीमालेला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक जाहीर झालं तेव्हा तिनं ते नाकारलं. माझी भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, हे तिचं म्हणणं. चित्रपट नीट बघितलात तर ते तुम्हालाही पटेल.

शेवटी पारो धावते आणि सासरचा भला मोठा दरवाजा तिच्या तोंडावर बंद होतो. पुस्तकात तिला माणसं धरून आणतात. इथं वास्तूच तिला अडवते. थिएटरातल्या बायकांकडे बघा. हिंदू विवाह कायदा होऊन वर्षही झालेलं नाही. घटस्फोटाचा हक्क कागदावर आला आहे, वारसा हक्काचा कायदा याच वर्षी होईल. हे कायदे मुळात ज्या हिंदू कोड बिलाचे तुकडे, त्याची गळचेपी झाली म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं होतं. कायद्यानं कडी काढली तरी दरवाजा जड असतो, हे बिमल रॉयना ठाऊक होतं. म्हणून हे दार मला या गोष्टीतलं सगळ्यात प्रामाणिक दार वाटतं.

वाटेत १९७४ ची एक धावती भेट घ्या. तेलुगूत अक्किनेनी नागेश्वरराव यांचा १९५३ चा ‘देवदासु’ लोकांच्या मनात घट्ट बसलेला असताना विजयनिर्मला स्वतः दिग्दर्शन करते आणि स्वतःच पारो होते. या कादंबरीच्या पडद्यावरच्या इतिहासात त्या बाईचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं.

जुलै २००२. बाहेर पाऊस, आत थंडगार एसी. त्या वेळेपर्यंतचा सर्वांत महाग हिंदी चित्रपट म्हणून त्याची दवंडी पिटली गेली आहे, मे महिन्यात तो कान महोत्सवात झळकून आला आहे. संजय लीला भन्साळींचा ‘देवदास’. पडदा उजळतो आणि डोळे दिपतात: रंगीत काचांची घरं, तलावाकाठचा कोठा, झुंबरं. हे सगळं नितीन चंद्रकांत देसाई या मराठी माणसानं उभं केलं आहे. ज्या वाड्याची जमीन १९५५ मध्ये गेली तो वाडा आता दहापट मोठा होऊन परत आला आहे.

शरदबाबूंचा देवदास कलकत्त्याला शिकायला जातो, शाहरुखचा लंडनला. हा एकच बदल आख्ख्या दशकाची ओळख सांगतो. उदारीकरणाला अकरा वर्षं झाली आहेत. परदेशातल्या भारतीयांचा पैसा हिंदी सिनेमाला कळला आहे, चित्रपटधंद्याला सरकारनं उद्योगाचा दर्जा दिला आहे. घरोघरी रात्री सासू-सुनांच्या मालिका चालू आहेत, आणि पडद्यावरची कारस्थानी वहिनी, अपमान गिळणारी आई, दागिन्यांनी लवलेल्या बायका या सगळ्या त्या मालिकांच्या सख्ख्या बहिणी आहेत. कादंबरीत पारोचं स्थळ नाकारलं जातं ते कुळाच्या प्रतिष्ठेपायी. इथं तिच्या आईला भर समारंभात नाचायला लावून हसण्यावारी नेतात, आणि ती आई पेटून उठते. किरण खेरांचा तो प्रसंग बघताना थिएटर थरथरतं. या चित्रपटात दुःख कुणी एकट्यानं करत नाही, ते सोहळ्यानं करतात. तलावाकाठचा तो वारही आता मोत्यांच्या हारानं होतो.

मग दुर्गापूजेची मूर्ती घडवायला गणिकेच्या अंगणातली माती लागते. बंगालात ही प्रथा खरीच आहे. ती माती मागायला ऐश्वर्या रायची पारो स्वतः चंद्रमुखीच्या कोठ्यावर जाते आणि तिला घरी बोलावते. माधुरी दीक्षित येते. तुमच्या आसपास शिट्ट्यांचा पाऊस पडतो. दोघी एका तालात, एका रंगाच्या साड्यांत नाचतात. १९५६ मध्ये नुसती नजर, २००२ मध्ये गळाभेट. या नाचावर चिडणारे शरद-भक्त तुम्हाला भेटतील. मी त्यांच्या बाजूचा नाही. दोन बायका एका पुरुषावर प्रेम करूनही एकमेकींच्या वैरिणी होत नाहीत, हे एवढ्या झगमगाटात कुणी ठणकावून सांगितलं असेल तर ते मला हवं आहे. पुढे पाहुण्यांसमोर चंद्रमुखीला पारोच्या घरचा जावई कालीबाबू उघडं पाडतो, आणि ती त्याच्या थोबाडीत देते. पुन्हा टाळ्या.

पण बाहेर पडल्यावर लगेच घरी जाऊ नका. तीन वर्षं पुढे, २००५ च्या ऑगस्टात, महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी येते. हजारो बायकांची रोजीरोटी जाते, तारांकित हॉटेलांना मात्र सूट. चंद्रमुखीच्या थपडेला टाळ्या वाजवणारे हात तेव्हा गप्प राहतात. घागरा, झुंबर आणि शंभर वर्षांचं अंतर असेल तरच ती आपल्याला चालते, हे २००२ च्या त्या पडद्यानं सांगितलं नाही. ते आपलं आपल्याला कळायला हवं होतं.

शेवटच्या धावण्याकडे बघा. पारोचा पदर जिन्यावरून लांबच लांब वाहत येतो, नवरा हुकूम सोडतो, पहारेकरी धावतात, फाटक मिटत जातं. दार तेच आहे, पण आता ते इतकं सुंदर आहे की त्याचा राग येत नाही.

फेब्रुवारी २००९. मल्टिप्लेक्स. ‘देव डी’. पंजाबातली शेतं, मग दिल्लीतलं पहाडगंज, अमित त्रिवेदीची अठरा गाणी. दिग्दर्शक अनुराग कश्यपला देव झालेल्या अभय देओलनं ही कल्पना दिली. माही गिलची पारो सायकलला गादी बांधते आणि भर दिवसा शेताकडे निघते. तेरा वर्षांच्या पार्वतीनं मध्यरात्री जे केलं होतं ते हेच. शंभर वर्षं लागली त्याला उजेडात यायला. भारून जाऊन बघत असताना तुमच्या लक्षात येतं की तिच्याबद्दल कुणीतरी काहीतरी बोललेलं ऐकून देव तिला झिडकारतो. गादी उजेडात आली, त्याचा कमकुवतपणा होता तिथंच आहे.

चंद्रमुखीची मात्र सगळी गोष्टच नवी आहे. लेनी ही शाळकरी मुलगी, तिच्या मित्रानं मोबाइलवर केलेली चित्रफीत गावभर फिरते. दिल्लीतलं २००४ चं एमएमएस प्रकरण थिएटरातल्या प्रत्येकाला आठवतं. बाप गोळी घालून घेतो, मुलगी घराबाहेर फेकली जाते, आणि कोठ्यावर आल्यावर स्वतःसाठी नाव निवडते ते भन्साळींचा ‘देवदास’ बघून: चंदा. एका काळाचा चित्रपट पुढच्या काळाच्या चित्रपटात असा शिरतो. ही चंदा दिवसा कॉलेजला जाते. तिच्या बदनामीचं कारण १९१७ मध्ये कल्पनेतही नव्हतं, पण शिक्षा मात्र सवयीची आहे: चूक कुणाचीही असो, घर मुलीचं सुटतं.

देव मरत नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या लॉजवर घडते. लग्न झालेली पारो तिथं येते. कुणी तिला अडवत नाही, कुठलं फाटक मिटत नाही. ती त्याची खोली आवरते, त्याचे कपडे धुते, त्याला वाटतं ती आपली झाली. मग ती त्याला त्याची पायरी दाखवते आणि उठून निघून जाते, स्वतःच्या संसाराकडे. पारो पहिल्यांदाच देवदासच्या दारातून आपल्या पायानं बाहेर पडते.

दिवे लागतात. तुमच्या पुढच्या रांगेतल्या दोन मुली उठता उठता भांडताहेत. एक म्हणते, बरं केलं, गेली ते. दुसरी म्हणते, ते ठीक, पण जायचंच होतं तर कपडे कशाला धुतले? पहिली म्हणते, त्याला हिणवायला. दुसरी म्हणते, हिणवायलासुद्धा आपणच बादली भरायची का? भांडण सरकत्या जिन्यापर्यंत चालू राहतं, आणि त्यात तुम्हालाही बोलायचं आहे.